मैदानाचा डावा कोपरा

सकाळी सहाला मी मैदानावर जायची, तेव्हा डाव्या कोपऱ्यातली चुन्याची रेघ पुसलेली असायची. रोज नाही, पण महिन्यातून चार-पाच वेळा नक्की. बाकीचं मैदान आदल्या संध्याकाळी आखलेलं जसंच्या तसं, आणि फक्त कुंपणाकडच्या डाव्या कोपऱ्यात हातभर रेघ नाहीशी झालेली. कुत्री लोळली म्हणावं तर पंजे उमटलेले नसायचे. उलट तिथली माती कुणी तळहाताने सारखी केल्यासारखी गुळगुळीत असायची. मी चरफडत फक्कीचा डबा आणायची, रेघ पुन्हा ओढायची आणि शिट्टी वाजवायची. मग धुक्यातून मुली एकेक करून यायच्या.

किन्हवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका निवासी शाळेत मी खेळ शिकवते. मुली सगळ्या वरच्या पाड्यांवरच्या. मीही तिथल्याच एका पाड्यावरची, याच शाळेत शिकलेली आणि याच मैदानावर कबड्डी खेळून मोठी झालेली. मधली काही वर्षं लग्न करून वाशिंदला होते, मग परत आले आणि इथेच नोकरीला लागले. त्याला आता चार वर्षं झाली. राग माझ्या नाकावर असतो हे मला कुणी सांगायला नको. मी दिसले की मुलींचं बोलणं थांबायचं, मी उठले त्या बाकावर कुणी बसायची नाही, आणि त्या मला टरकून असतात अशी माझी समजूत होती. खरं सांगायचं तर मला ते आवडायचंसुद्धा.

रेघ पुसण्यापेक्षाही विचित्र होतं ते खेळात. त्या कोपऱ्यात कुणी पाय ठेवायची नाही. बचावाला सात जणी साखळी धरून उभ्या राहिल्या की डाव्या कोपऱ्यातली मुलगी दोन पावलं आत सरकलेली असायची, आणि सगळी ओळ तिथे दात पडलेल्या तोंडासारखी दिसायची. चढाईला येणारीही तिकडे वळायची नाही. समोर मोकळी जागा, गुण नुसता उचलायचा बाकी, आणि मुलगी न बघितल्यासारखं करून उजवीकडे जायची. मी ओरडायची. त्या माना खाली घालायच्या, आणि पुढच्या चढाईला पुन्हा तेच. चौदा मुली एकमेकींशी अवाक्षर न बोलता एकाच ठिकाणाला वळसा घालत असतात, तेव्हा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. धुकं दाट असलं की मला वाटायचं, तिथे आधीच कुणीतरी उभं आहे आणि ते मला एकटीलाच दिसत नाही.

संघातली सगळ्यात चांगली चढाई करणारी मुलगी दहावीत होती. उंच, सडपातळ, हात गुडघ्यापर्यंत पोचतील असे लांब. बोलायला कमी. डिसेंबरात मुरबाडला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. निवड झाली की खेळाडूंच्या वसतिगृहात प्रवेश, बारावीपर्यंत राहणं, जेवण, शाळा, सगळं. नाही झाली तर दहावीची परीक्षा संपताच घरचे तिला उजवून टाकणार होते. मुलगा बघून ठेवला होता. ती हे कुणाला रडून सांगत नव्हती. फक्त सरावाला सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची.

मी मुलींच्या पाळीच्या तारखा लिहून ठेवते. मोजून बघितलं तर मुरबाडचा दिवस तिच्या पाळीचा दुसरा दिवस येत होता.

पाळीत खेळणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या वेळी आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं चार पदरी करून नाडीला खोचायचं आणि मैदानावर उतरायचं. सूर मारला की ते सरकायचं, आणि घामाने कडक झालेली कड मांडीला अशी कापायची की चार दिवस चालताना पाय फाकून टाकावे लागत. दहावीत मी वाशिंदला जाऊन औषधाच्या दुकानातून पहिल्यांदा पॅड आणले. आमच्या वसतिगृहातली पहिली मीच. वापरलेले टाकायचे कुठे हा प्रश्न होता, तर मैदानाच्या त्याच कोपऱ्यात माती भुसभुशीत होती, कुंपणाचा आडोसा होता. तिथे खड्डा करून पुरायची. नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी हे मी सगळ्या मुलींना समोर बसवून छाती पुढे काढून सांगितलं. मी पाळीत खेळले, मी घाबरले नाही, तुम्हीही घाबरू नका, असं ते भाषण होतं. मुली डोळे मोठे करून ऐकत होत्या. भाषण फारच परिणामकारक झालं असं मला वाटलं.

त्यामुळे कोपऱ्याचं कोडं मी माझ्यापुरतं सोडवून टाकलं होतं. मी दर महिन्याला वाटते ते पॅड मुली वापरून तिथे पुरत असणार, आणि वापरलेली वस्तू ओलांडू नये म्हणून वळसा घालत असणार. मी जाळायला पत्र्याचा डबा ठेवला. तो गंजून गेला, कुणी त्यात कागदसुद्धा टाकला नाही.

मग मी जोर लावला तो खेळताना काय बरं पडतं यावर. आधी स्वतःवर प्रयोग केले. जाड कापसाचं पॅड धावताना मधेच गोळा होतं आणि मांड्यांमध्ये उशी घेऊन पळाल्यासारखं वाटतं. आखूड पातळ पॅड उभ्याने ठीक, पण पकडीत पाठीवर आपटलं की मागून डाग ठरलेला. पंख असलेलं जागेवर राहतं, मात्र पंखाची कड बाहेर राहिली तर मांडी सोलवटते. त्यावरून घट्ट सायकलिंग शॉर्ट घातली तर दोन्ही अडचणी मिटतात. महिला बचत गटाने शिवलेली कापडी घडीही वापरून बघितली. मऊ होती, पण घामाने जड व्हायची. कप मला सगळ्यात सोयीचा वाटला. तो मुलींना दाखवला तेव्हा त्या त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की मी तो गुपचूप पिशवीत ठेवला. बाकी प्रत्येक प्रकारची पाकिटं मी त्यांना वाटली आणि सरावानंतर विचारून वहीत लिहून घेतलं. टोचलं का? सरकलं का? मुली दोन्ही हात पुढे करून पाकीट घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सांगायच्या, चांगलं हाय, मॅडम. जाड चांगलं, पातळ चांगलं, आखूड चांगलं, लांब चांगलं. माझी वही 'चांगलं'ने भरली. मी एवढी शहाणी, पण मला यात काही खटकलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी ती मुलगी चढाईला गेली. तिची पाळी सुरू होती आणि आदल्या दिवशीच मी तिला लांब, पंखांचं पाकीट दिलं होतं. तिने उजवीकडे सूर मारला, स्पर्श केला, मध्यरेषेवर हात टेकला आणि उठली. उठताना तिच्या चड्डीच्या पायातून घडी केलेलं एक फडकं खाली पडलं. निळं, विटलेलं, एका बाजूला साडीचा काठ. कुणी हसलं नाही, कुणी पुढेही झालं नाही. तिने ते उचललं, मुठीत दाबलं आणि धुक्यात चालती झाली. तिची मांडी आतून लाल झालेली मला दिसली.

माझं डोकं फिरलं. चार वर्षं मी पाकिटं आणते, ती जातात कुठे? विकतात की काय, असंसुद्धा मनात आलं, त्याची आज लाज वाटते. कोपऱ्यातली रेघ त्या सकाळीही पुसलेली सापडली होती. मी बागेतली कुदळ आणली आणि मुलींच्या देखत खणायला लागले. कुणी मला अडवलं नाही. त्या फक्त मागे सरकत गेल्या, शेवटी सगळ्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

वीतभर खाली पहिलं पाकीट लागलं. लांब, पंखांचं. त्यावर चिमूटभर तांदूळ आणि हळदकुंकू होतं. ते फोडलेलं नव्हतं. त्याच्याखाली आणखी एक, त्याच्याखाली आणखी. जाड, पातळ, आखूड. बचत गटाच्या कापडी घड्यासुद्धा, दोरी न सोडलेल्या, बुरशीने काळ्या पडलेल्या. प्लास्टिकच्या पाकिटांना काहीच झालं नव्हतं. माती झटकली की कालच दुकानातून आणल्यासारखी. मी गुडघ्यावर बसून उपसत राहिले आणि ढीग वाढत गेला. मी वाटलेलं सगळं तिथे होतं, वापरलेलं एकही नाही. एकावर एक, नीट रचून, नैवेद्य ठेवावा तसं.

मान वर केली तर ती मुलगी परत आली होती. चार पावलांवर उभी होती. मी विचारलं, हे काय आहे.

"एक पोरगी होती मॅडम. लय वर्षं झाली. चढाई भारी मारायची. अडचणीतपण खेळायची. बाजारातनं पॅड आणायची नि हितं पुरायची."

"मग?"

"त्याच्यावरनं जनावर गेलं. तिची कूस गेली. पोर नाय झालं, नवऱ्यानं सोडली."

जनावर म्हणजे साप. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. वापरलेल्या कापडावरून तो गेला तर बाईला मूल होत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि हसत आले होते.

"आणि ती मुलगी? तिचं काय झालं?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या पायांकडे बघितलं.

"ती परत आली," ती म्हणाली.

मला मूल झालं नाही. वाशिंदला सात वर्षं दवाखाने झाले, सगळे माझेच. नवऱ्याची तपासणी एकदाही झाली नाही. शेवटी त्याने दुसरी केली आणि मी बॅग उचलून पाड्यावर आले. हे मी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं, पण पाड्यावर सांगावं लागत नाही. उरलेला अर्धा भाग मी स्वतः त्या भाषणात सांगून टाकला होता. मुलींनी फक्त दोन तुकडे जोडले. माझ्या हातचं वापरायचं नाही, परत करून माझा अपमान करायचा नाही, जाळलं तर बाधायचं, फेकलं तर शेतात जायचं. म्हणून ज्याचं त्याच्या जागेवर ठेवत होत्या. सूर्य उगवायच्या आधी, हळदकुंकू वाहून.

भुताची गोष्ट ऐकताना भूत आपणच निघालो तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. मला राग आला नाही. मला भीती वाटली, आणि तीही माझीच. मी कुदळ टाकली आणि खोलीकडे निघाले. मुली समोरून येत होत्या. माझ्यापाशी आल्यावर त्यांची रांग मधोमध फुटली आणि दोन्ही बाजूंनी, एकमेकींशी अवाक्षर न बोलता, वळसा घालून पुढे गेली. हे त्या चार वर्षं करत असणार. मला वाटायचं, वाट देतात.

पुढच्या आठवड्यात मी फळ्यावर गर्भाशय काढलं. साप, कापड, कूस, यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे तासभर समजावलं. मुलींनी आकृती वहीत उतरवून घेतली आणि हो मॅडम म्हणाल्या. मी हात टेकले.

मुरबाडच्या दिवशी आम्ही किन्हवलीवरून सकाळची एसटी धरली. ती माझ्या मागच्या सीटवर बसली, बाजूची रिकामी असून. तिने काय घातलंय हे मी विचारलं नाही. माझ्या पिशवीत एक कोरं पाकीट होतं आणि एक काळी सायकलिंग शॉर्ट, तिच्या मापाची. पिशवी मांडीवर घट्ट धरून मी बसले होते.

चाचणी मॅटवर होती. पहिल्या फेरीत ती तीन वेळा चढाईला गेली आणि तीनही वेळा रिकाम्या हातांनी परत आली. पाय जुळवून, गुडघे चिकटवून धावत होती. सूर मारायची वेळ आली की थांबायची. इथे ना माझा कोपरा होता, ना खाली काही पुरलेलं होतं, तरी डावीकडे तिचं पाऊल वळेना. निवड करणाऱ्यांपैकी एकाने कागदावर आडवी रेघ ओढलेली मला लांबून दिसली. दुसऱ्या फेरीला वीस मिनिटं होती.

ती भिंतीला टेकून उभी होती, हात पोटावर. मी पिशवीत हात घातला आणि तिच्याकडे दोन पावलं टाकली. ती भिंतीच्या कडेने दोन पावलं सरकली. नजर खाली, चेहऱ्यावर राग नाही की तिरस्कार नाही. ती फक्त घाबरली होती. त्या वीस मिनिटांत तिचं सगळं आयुष्य ठरणार होतं, आणि तिला सर्वांत जास्त भीती वाटत होती ती माझी.

मुरबाडच्याच एका शाळेच्या खेळाच्या बाई तिथे होत्या. ठेंगण्या, हसऱ्या, कडेवर वर्षाचं मूल. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून घेऊन आले, तीन झाली, हे तिसरं, असं त्यांनी सकाळीच हसत सांगितलं होतं. मी त्यांच्यापाशी गेले आणि पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. म्हटलं, त्या मुलीला तुम्ही द्या. तुमचं म्हणून द्या. माझ्या हातून ती घेणार नाही. शॉर्ट मात्र पिशवीतच ठेवली, तिच्या मापाची बघून तिला संशय आला असता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं, आणि मूल दुसऱ्या कडेवर घेत पाकीट पिशवीत टाकलं. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. काही समजावून सांगावं लागलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

बाई तिच्याजवळ गेल्या. पाठीवर हात ठेवला, काहीतरी बोलल्या. तिने दोन्ही हातांनी पाकीट घेतलं, ओटी घेतात तसं, आणि कपडे बदलायच्या खोलीत पळाली.

दुसऱ्या फेरीत ती चढाईला गेली तेव्हा मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. जाळीतून बघत होते. ती आत शिरली, एकदा उजवीकडे हूल दिली, आणि सरळ डाव्या कोपऱ्यात सूर मारला. कोपऱ्यातल्या मुलीला कळायच्या आत तिच्या पावलाला हात लावून मॅटवरून घसरत मागे आली, मध्यरेषेपर्यंत. उठली, आणि पुन्हा गेली. मी चार वर्षांत तिला असं खेळताना बघितलं नव्हतं. माझ्या तोंडातून आवाज निघाला तो मी ओढणीने दाबला. तिने इकडे बघू नये असं मला वाटत होतं.

दुपारी नावं वाचली. तिचं तिसरं होतं. ती धावत गेली आणि त्या बाईंच्या पाया पडली. कडेवरच्या मुलाने वाकून तिचे केस ओढले, सगळे हसले. मग ती माझ्याकडे आली. चार पावलांवर थांबली.

मी अभिनंदन केलं. तिने मान हलवली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "पाकीट तुमचंच होतं ना मॅडम? तुमच्या पिशवीतल्या बामाचा वास येत होता."

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं, पण मी हो म्हटलं. मग घेतलंस कसं, विचारलं.

"त्यांच्या हातनं आलं ना." ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. "चांगलं हाय ते. सरकत नाय, पण पंखाची कड थोडी टोचते. त्याच्यापेक्षा मऊ भेटलं तर बघा."

मी म्हटलं, बघते.

"तिकडं वसतिगृहात पण लागंल. दर महिन्याला पाठवाल?" आणि मग पहिल्यांदा तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते. "पण बाईंच्याच हातनं पाठवा, मॅडम. तुमी नका देऊ."

तिला एक ठेवून द्यावी असं वाटलं आणि जवळ घ्यावं असंही वाटलं. ती चार पावलांवर होती. मी हो म्हटलं.